पखवाजाची कणीक

१९ जून
घरी आलो एकदाचा. गेटपासून लिफ्टपर्यंत मी वॉकरवर, पुढे मंगल, मागे पोरगा नितीन, आणि वॉचमन उगाच "आराम से, आराम से". वरात निघाली माझी अख्ख्या सोसायटीतून. उजवा गुडघा नवा कोरा. डाव्याचं नंतर बघू.
दुखतंय बेकार. पण गणपतीला मांडी घालून पखवाज धरायचाच. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. गेल्या वर्षी भजन संपल्यावर दोघांनी बखोटीला धरून उठवलं मला. अख्ख्या मंडळासमोर लाज गेली.

२४ जून
व्यायाम. टाच ओढत मागे आणायची, गुडघा वाकवायचा. ऐकायला सोपं. करताना आई आठवते. फिजिओवाली कृपा गोड हसते आणि जीव काढते. "काका, अजून थोडं." अजून थोडं काय, तुझं डोकं? म्हटलं नाही अर्थात.
कमोडवर उंच सीट बसवलीय, राजाच झालो. आज कोणाचा हात न धरता उठलो. बाहेर आलो तर मंगल दारातच, पदर डोळ्याला. "कांदा चिरत होते." संडासाच्या दारात कांदा!

३ जुलै
टाके निघाले. काठी मिळाली. नितीनकडून पखवाज कपाटावरून खाली काढून घेतला. खोळ काढून नुसता हात फिरवला. डावं तोंड कोरडं ठणठणीत. कणीक थापल्याशिवाय बोलायचा नाही तो. भजनाला निघताना मंगल वाटीत कणीक मळून द्यायची, चपातीपेक्षा सैल. लग्नापासून देते. बरोबर किती सैल ते मलाही नाही जमत.

११ जुलै
आज कृपाला विचारलं, मांडी कधीपासून घालायची?
"मांडी? नो नो काका. खाली बसणं आता बंद. सरांनी आंटींना सांगितलं होतं ना, ऑपरेशनच्या आधीच."
मंगल चहा घेऊन येत होती. कप टेबलावर ठेवला आणि आत गेली.
मीच तिला म्हटलं होतं, तू विचार डॉक्टरांना, एवढ्या मोठ्या माणसाला भजनाचं काय सांगायचं. ती येऊन म्हणाली, "सगळं होईल म्हणाले." सगळं!

१२ जुलै
भांडण. म्हणजे मी ओरडलो, ती भाजी निवडत होती.
"खोटं बोललीस."
"हो. खरं सांगितलं असतं तर झोपला असता त्या टेबलावर?"
"नसतो."
"मग? मला तुमचं भजन नको. तुम्ही संडासातून स्वतः उठून यायला हवं. वर्षभर ओढत होते मी तुम्हाला. माझ्या अंगाचं काय झालंय, विचारलंत कधी?"
बोलत नाही तिच्याशी. माझ्या गुडघ्याचा निर्णय परस्पर घेतला. चूक ती चूकच.

१६ जुलै
अबोला चालू. जेवण टीव्हीकडे तोंड करून. मेथी झकास होती, सांगितलं नाही.
ती बाजारात गेल्यावर दिवाणावर मांडी घालून बघितली. डावा पाय कण्हत कुंथत गेला. उजवा अर्ध्यात अडला, मग हलेचना. जोर लावायची भीती वाटली. रडलो थोडा. या वयात, भरदुपारी, दिवाणावर.

२७ जुलै
दत्ताबुवा आले, वाकोल्याहून, रिक्षाने. इतकी वर्षं ते पेटीवर, मी पखवाजावर. बुवा तडक मालवणीतच सुरू.
"काय रे विलास, खुर्चेर बसान वाजय."
मी म्हटलं, बुवा, तुम्ही खाली पेटी घेऊन बसणार आणि मी वर खुर्चीत? बुवाच्या डोक्यावर बसतं का कोणी?
"माका पखवाज होयो, तुझी मांडी नको."
त्यांचा जावई हल्ली सांभाळून घेतोय म्हणे. हात कसा आहे त्याचा, विचारलं. बुवा म्हणाले, "बरो आसा." बरो म्हणजे माझी वाट लागली. गुरुवारी सराव आहे, ये म्हणून गेले. मी हो नाही म्हटलं, नाहीही नाही म्हटलं. मंगल आतून सगळं ऐकत होती.

२९ जुलै
चपात्या सकाळीच झाल्या होत्या. तरी संध्याकाळी टेबलावर वाटी, वाटीत कणकेचा गोळा, वर ओलं फडकं. शेजारी बिनहाताची खुर्ची. शेजारच्यांची होती. मंगल सिरीयल बघत होती, आवाज बंद करून.
म्हटलं, "सैल झालीय."
"मग वाळू द्या जरा."
इतक्या दिवसांनी पहिलं बोलणं हे.
बसलो खुर्चीत. कणीक थापली, एक थाप मारली. घुमला! अंगावर काटा आला. पण मांडीशिवाय पखवाज ठरेना, घसरत होता. मंगल उठली, समोर खाली बसली आणि दोन्ही हातांनी धरला. "वाजवा." मी वर, ती खाली. बराच वेळ वाजवलं. हात जड झालाय, तोंड वाकडं करण्याइतका वाईट नाही. ती म्हणाली, "गुरुवारसाठी काहीतरी स्टँड बघू." मी म्हटलं, "बघू."
मग तिने उठायला माझ्याकडे हात केला. मी काठी टेकून तिला ओढलं, नव्या पायावर जोर देऊन. ती उभी राहताना तिचा गुडघा कटकन वाजला.
दोघांनी ऐकलं. ती म्हणाली, "काही नाही, बसून बसून."
खोटं बोलतेय.