भिंतीपलीकडचा भुंग्या

प्रिय वहिनी,

पाकिटावरचे कोंबडीचे पाय बघूनच ओळखलं असशील की हे माझं अक्षर. आणि मनात म्हणाली असशील, या बयेला फोन सोडून पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली? सांगते. फोनवर बाबांचा विषय निघाला की तू लगेच ‘बरं, ठेवते’ म्हणतेस. मला या वेळी मध्येच तोडून घ्यायचं नाहीये. तेव्हा आधी खाली बस, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उठू नकोस. तुला माझी शपथ आहे.

इथलं, माझं आणि बाबांचं, बरं चाललंय. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, मी कवळ्या करते, माझ्या टेबलावर परक्या माणसांचे दात ओळीनं हसत बसलेले असतात. तू म्हणायचीस ना, वन्सं, तुमच्याइतकी हसरी संगत कुणाला नसेल, म्हणून! पण शेजारची जुनी इमारत पाडायला घेतलीय. सकाळपासून ड्रिलची घरघर, त्यात माझ्या घासायच्या मशीनची किरकिर. संध्याकाळपर्यंत डोकं नुसतं भणभणायचं. शेवटी एक दिवस कपाटाचा खालचा खण उघडला आणि दादाचे हेडफोन काढले. हे घर सोडून जाताना तू माझ्या हातात कोंबून गेली होतीस ते. वर्ष उलटून गेलं तरी मी त्यांना हात लावला नव्हता. कानाच्या गादीला अजून त्याच्या तेलाचा वास आहे गं. मी तिथेच जमिनीवर फतकल मारून बसले आणि यथेच्छ रडले, मग चार्जिंगला लावले.

त्याला या हेडफोनचं किती कौतुक! दुकानात दिवसभर लोकांच्या कानाला हेच लावायचे, आणि घरी येऊन पुन्हा आपल्याला तेच पुराण. आतले बारके माईक बाहेरचा आवाज ऐकतात, त्याच्या बरोब्बर उलटा आवाज तयार करतात, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. पंखा, गाडी, मशीन, जे जे एकसुरी ते सगळं गुल. माणसाचा आवाज मात्र पुरता जात नाही म्हणायचा, तो कुठून तरी झिरपतोच. आणि आवाज पारखायला गाणं लावायचा नाही लेकाचा! गाण्यात सगळंच गोड लागतं म्हणे. त्यानं स्वयंपाकघरात तुझ्या नकळत फोन ठेवून तू भांडी घासतानाचं रेकॉर्डिंग केलं होतं. चमच्यांचा किणकिणाट खरा वाटला, ताटली गरगर फिरत थांबते ते शेवटपर्यंत ऐकू आलं, तरच हेडफोन पास. गिऱ्हाईकांनाही तेच ऐकवायचा. तुला कळलं तेव्हा तू लाटणं घेऊन मागे लागली होतीस.

तर मी ते कानावर चढवले, आणि वहिनी, जग पुसल्यासारखं झालं. ड्रिल गेलं, मशीन गेलं. उरला तो माझा श्वास आणि दात एकमेकांवर टेकल्याचा बारीक आवाज. पहिल्या दिवशी कानात दडे बसल्यासारखं वाटलं, पण दुसऱ्या दिवशी त्या शांततेची चटक लागली. काही न लावता नुसतीच घालून बसायचे. दोनदा दूध उतू गेलं, साचे आणून देणारा माणूस दार बडवून बडवून परत गेला आणि खालच्या काकूंना सांगून गेला की वरच्या बाई बहुतेक गेल्या. कान घामेजतात, पण डोकं दुखायचं थांबलं. हेडफोन सुरू केले की आतली बाई बोलते ते तुला आठवत असेल. कुठला फोन जोडला गेला ते ती इंग्रजी तोऱ्यात सांगते. दादानं त्याच्या फोनला स्वतःचं लहानपणचं नाव दिलं होतं, भुंग्या. सारखा गुणगुणायचा म्हणून आईनं ठेवलेलं. आणि ही बाई त्याचं ‘बंगिया’ करायची. आपण तिघं त्यावर किती हसलोय!

मी वापरायला लागून आठवडा झाला असेल. ड्रिलच्या धुळीमुळे टेबल नुकतंच मागच्या खोलीत, भिंतीला लागून ओढलं होतं. दुपारची वेळ. कुणा आजोबांची खालची कवळी हातात होती, घासून झाली होती, कडा तेवढ्या गुळगुळीत करायच्या होत्या. आणि त्या शांततेत बाई म्हणाली, कनेक्टेड टू बंगिया.

कवळी हातातून सुटली. मी मूर्खासारखं मोठ्यानं म्हटलं, दादा? तुला माहीत आहे, त्याचा फोन मिळालाच नव्हता. अपघातानंतर दवाखान्यातून बाबांनी जे गाठोडं आणलं त्यात कपडे, घड्याळ, पाकीट होतं. फोन नव्हता, रस्त्यावरच कुणीतरी उचलला असेल, असं तेच म्हणाले. मग हा भुंग्या आला कुठून? मी खिडकीतून खाली वाकून बघितलं. दोन मजूर विटा रचत होते, एक बाई छत्री घेऊन उभी होती. ज्यानं फोन चोरला तोच खाली उभा असेल, असंही मनात येऊन गेलं. थोड्या वेळानं बाईनं सांगितलं, जोडणी तुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आला. पुढच्या खोलीत बसून बघितलं तर येत नाही. मागच्या खोलीत, माझ्या टेबलापाशी, भिंतीला लागून बसलं की येतो. कुणाला सांगणार? लोक म्हणतील, आधी भाऊ गेला, आता हिचं डोकं गेलं. आणि खरं सांगू? चार-पाच दिवसांत भीती मेली आणि मी वाट बघायला लागले. हातातलं काम भराभर उरकून दुपारी नुसती बसून राहायचे. बाई त्याचं नाव घ्यायची तेवढ्यानंसुद्धा तो दार ढकलून घरात आल्यासारखं वाटायचं.

मग एके दिवशी भांडी वाजायला लागली. नळ सुटला, चमचे किणकिणले, झाकण जमिनीवर पडून गरगर फिरलं, आणि तुझा आवाज, ‘नुसता उभा काय राहिलास, पुसून ठेव की!’ वहिनी, मला वाटलं तू आलीस. न कळवता आलीस आणि आल्या आल्या कामाला लागलीस, तुझा स्वभावच तो. मी धावत स्वयंपाकघराकडे निघाले. पण जसजशी पुढे जात होते तसतसा आवाज तुटायला लागला, आणि दारात पोचले तेव्हा कानात काहीच नव्हतं. समोर कोरडं मोरीचं तोंड आणि पालथं घातलेलं एक पातेलं. तिथेच उंबऱ्यावर मटकन बसले. इतकी एकटी मी तो गेला त्या दिवशीही नव्हते, तेव्हा निदान तू होतीस.

त्याच संध्याकाळी बाबा माझ्या टेबलाशी येऊन घुटमळत उभे राहिले. छापखान्यातल्या मशीनवर जन्म गेला, कान अर्धे तिथेच ठेवून आलेत, म्हणून एरवी आमच्यात बोलणं म्हणजे ओरडणंच. पण त्या दिवशी हळूच विचारलं, ‘काय गं, या मोबाईलचा आवाज मध्येच जातो का? चित्र दिसतं, पण आवाज येत नाही, असं होतं का कधी?’ मी म्हटलं, बाजूचं बटण दाबा, नाहीतर दुरुस्तीवाल्याकडे न्या. तरी माझी ट्यूब पेटली नाही. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यात कसलं आलंय चित्र, हे मला सुचायला नको? म्हणतात ना, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आता जे लिहिते आहे ते वाचून माझ्यावर चिडशील. चीड. पण वाच. गेल्या सोमवारी दुपारी भुंग्या आला आणि लगेच तुझा आवाज आला. रेकॉर्डिंगमधला खट्याळ आवाज नव्हता तो, आत्ताचा होता, दमलेला. मी हेडफोन काढायला हवे होते. हात कानापर्यंत गेलाही, पण निघाले नाहीत. तू त्याच्याशी बोलत होतीस. म्हणालीस, तुझ्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी तुला लग्नाचं विचारलंय. चांगला माणूस आहे, कमी बोलतो, तुझ्या वर्गातली मोडकी खिडकी त्यानं कुणाला न सांगता नीट केली. परीक्षा संपेपर्यंत उत्तर दे म्हणालाय. आणि मग तू म्हणालीस, ‘मी नाहीच म्हणणार आहे. तू ऐकतोस ते मला कळतं. प्रत्येक वेळी निरोपाखालच्या त्या खुणा निळ्या होतात. तू तिथे बसून ऐकत असताना मी दुसऱ्याला कसं हो म्हणू? लवकर ये म्हणून त्या दिवशी मीच हट्ट धरला होता. तू घाई केलीस ती माझ्यापायी. बाबा मला कधीच माफ करणार नाहीत, मी निघाले तेव्हा खोलीतून बाहेरसुद्धा आले नाहीत. तू तेवढा ऐकतोस, मला तेवढं बास.’

मी हेडफोन तसेच कानावर ठेवून बाबांच्या खोलीचं दार ढकललं. माझ्या भिंतीच्या पलीकडेच त्यांची खाट आहे. त्या भिंतीला पाठ टेकवून बाबा बसले होते, दादाचा फोन कानाला लावून. मध्येच हलवायचे, बटण दाबायचे, पुन्हा कानाला लावायचे. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. सगळं माझ्या कानात येत होतं.

वहिनी, मला आधी इतका संताप आला! तिच्या मनातलं चोरून ऐकता, लाज नाही वाटत, असं मी बापाला तोंडावर म्हटलं. त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि म्हणाले, बस. दवाखान्यात फोन त्यांच्याच हातात दिला होता. तुला अजून कळवलंही नव्हतं, आणि तेवढ्यात तुझ्या आवाजातला निरोप आला. दादाला पासवर्डचा कंटाळा, तेव्हा बाबांनी तो तिथेच लावला. कुठे आहेस, जेवण गार होतंय, मी थांबलेय, एवढंच होतं त्यात. हे ऐकून घरी तुझ्यासमोर जायचं आणि फोन पुढे करायचा, ते त्यांना जमलं नाही. म्हणून फोन नव्हताच म्हणाले. नंतर द्यायचा होता, पण तू त्या नंबरवर बोलतच राहिलीस. ‘पोरीनं इतकं बोलायचं आणि पलीकडे कुणीच नसायचं, हे मला सोसेना गं,’ म्हणाले. म्हणून रोज दुपारी तो चालू करतात, तुझं काही आलं असेल तर ऐकतात, बंद करून उशीखाली ठेवतात. बरेच दिवस तुझं काही आलं नाही की तुझी भांडी ऐकतात. फोन चालू राहावा म्हणून पैसे भरतात, गोळ्या आणायला जातो सांगून. एकदाही उत्तर दिलं नाही. त्याच्या नावानं उत्तर देणं म्हणजे पाप, म्हणाले. मी विचारलं, मग ती निघाली तेव्हा दाराशी का आला नाहीत? म्हणाले, फोन खिशात होता. तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तर देऊन टाकला असता, आणि मग तिला बोलायला पलीकडे त्याचं म्हणून काही उरलं नसतं.

गेले काही दिवस त्यांना ना तुझी भांडी ऐकू आली होती ना सोमवारचा निरोप, कारण मी पलीकडे हेडफोन घालून बसलेली. फोन मेला म्हणून ते मनातून खचले होते. सोमवारचा निरोप मग मी माझ्या तोंडानं, ओरडून ओरडून त्यांना सांगितला. खालच्या काकूंनीही ऐकला असेल, इलाज नव्हता. मी गणिताच्या सरांपर्यंत आले तेव्हा बाबा पसंतीनं मान हलवत होते. माफीचं वाक्य सांगितलं आणि बाबांचा चेहरा बघवेना. दादा गेला तेव्हा ज्या माणसानं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं तो हमसून हमसून रडला. म्हणाले, माझ्यामुळे तिला वाटतं तो ऐकतोय. मी तिला अडकवून ठेवली.

म्हणून हे पत्र. वहिनी, त्या खुणा निळ्या करणारा दादा नाही. दादा आता ऐकत नाही गं. हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिलं, कारण आता दुपारी बाई त्याचं नाव घेईल तेव्हा मलाही तो आल्यासारखं वाटणार नाही. पण तुमच्या शाळेची परीक्षा संपायच्या आत तुला हे कळायलाच हवं. सरांना हो म्हणायचं की नाही ते तू ठरव, पण कुणी ऐकतंय म्हणून नाही म्हणू नकोस. बाबांना तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, आणि त्या मी लिहू नयेत असं त्यांनी बजावलंय. पत्र वाचून झालं की दुपारी त्याच नंबरवर फोन कर. निरोप ठेवू नकोस, फोन कर. वाजला की उचलायचा कसा ते मी त्यांना शिकवलंय, रोज दोन वेळा सराव चालू आहे. कमी ऐकू येतं, तेव्हा जरा मोठ्यानं बोल. मी हेडफोन बंद करून खणात ठेवते, म्हणजे तुझा आवाज त्यांच्याच कानात जाईल.

तुझीच,
कवळीवाली वन्सं