घरची पाटी

प्रिय धाकट्या,

चाळिशी ओलांडलीस तरी या घरात तू धाकटाच. तक्रार असेल तर आईकडे कर, माझ्याकडे नको.

पत्रासोबत एक पत्र्याचा डबा आहे. पत्र वाचून होईपर्यंत तो उघडायचा नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून झाकणाला चिकटपट्टीचे चार वेढे दिलेत. तेही बाबांनी शिकवलेल्या पद्धतीने, म्हणजे नखाने निघायचे नाहीत.

पुढच्या महिन्यात गल्लीतले सगळे बाबांच्या आठवणीसाठी जमणार आहेत. तू कळवलंस, जमणार नाही. कारण लिहिलं नाहीस, पण मला ते ठाऊक आहे. चार महिन्यांपूर्वी बाबा गेले तेव्हा तू दोन दिवस आलास, पाहुण्यासारखा राहिलास, आणि निघताना बुटाची नाडी बांधता बांधता म्हणालास, "ते सगळ्या गल्लीचे बाबा होते, ताई. आपल्या वाट्याला उरलेला वेळ यायचा."  तू यावंस म्हणून आज लिहायला बसले आहे, आणि सकाळपासून तीनदा उठून चहा करून झाला. आई म्हणते, हिला पत्र लिहायचंय की हॉटेल काढायचंय?

आधी बातम्या सांगते, त्या सोप्या आहेत. सभेत काय बोलायचं यावरून आत्ताच भांडणं सुरू झाली आहेत. न्हावी म्हणतो पहिला मान माझा, कारण वायसरकाका (बाबांना अख्खी गल्ली अजून तेच म्हणते) माझ्या खुर्चीतून पळाले होते. खरंच आहे ते. केस कापता कापता त्यांना त्याच्या बेसिनचा नळ टपकताना दिसला. उठले, नळ उघडला, वायसर बदलला, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून तसेच निघून गेले. अर्धं डोकं कापलेलं, अर्धं जंगल, असे दोन दिवस गल्लीभर फिरले आणि आईने बोलणं टाकलं तेव्हा कुठे उरलेले केस गेले. बेकरीवाल्याला त्याच्या वरच्या टाकीबद्दल बोलायचंय. निवृत्त शाळामास्तरीणबाई चार पानी भाषण लिहून बसल्या आहेत. आणि बाबांचा पाना आता माझ्या हातात आहे. हसू नकोस. ऑफिस सुटल्यावर तासभर मी नळ बघते. पोरं मला वायसरताई म्हणतात, आणि खरं सांगू, मला ते आवडतं.

दारावरची पाटी अजून तिथेच आहे. तिच्यावर तुझ्याइतका राग कुणीच काढला नसेल. खिळ्याला टांगलेली काळी पाटी, दोरीला बांधलेला खडू. बाबा घरी नसले की लोक लिहून जायचे, अमक्याकडे पाणी चढत नाही, तमक्याचा नळ गळतोय. आपले घरचे निरोपही त्यातच घुसायचे. नियम एकच, आणि तो आपण पाढ्यांच्या आधी शिकलो होतो: ज्याच्यासाठी लिहिलंय त्यानेच वाचून पुसायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. तू एकदा म्हणालास, बाबा हवे असतील तर आपल्यालाही गळायला लागेल. ते पोट धरून हसले. नंतर खडू हातात घेऊन पाटीसमोर उभे राहिले, हे तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं.

उरलेला वेळ म्हणालास ना, तर मागच्या अंगणातली भिंत आठव. तू चालायला लागलास तेव्हा तिथे तुझ्या हाताला पोचेल असा बुटका नळ त्यांनी बसवला. दर वाढदिवसाला तुला भिंतीशी उभं करायचं, नळ तेवढा वर घ्यायचा आणि जुनं भोक सिमेंटने बुजवायचं. अकरा ठिगळं आहेत, मी परवा मोजली. एका वाढदिवसाला बेकरीत पाइप फुटून पीठ भिजत होतं आणि बेकरीवाला दारात नाचत होता. बाबा त्याला म्हणाले, "थांब जरा, आधी आमच्या साहेबांचा नळ." सभेत हे कोण सांगणार? बेकरीवाला तर नक्कीच नाही.

आता तो दिवस. एकोणीस वर्षांपूर्वीचा, तू नोकरीसाठी पहिल्यांदा घर सोडलंस तो. गाडी संध्याकाळी सहाची होती. सकाळी तू स्टँडवरून फोन केलास की सहाची रद्द झाली, चारच्याने जातोय, बाबांना सांग. बाबा पहाटेच कामावर गेलेले, त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. मी पाटीवर लिहिलं, 'बाबा, गाडी चारला.' चार वाजता तू, मी, आई स्टँडवर उभे. तू गाडीच्या दारात लोंबकळून शेवटपर्यंत रस्त्याकडे बघत होतास. घरातून निघताना पाटीवरची शेवटची ओळ तू वाचली होतीस, 'बाईंकडे पाइप फुटला'. गाडी सुटताना तू एवढंच म्हणालास, "बाईंचा पाइप जिंकला." तेव्हापासून तू दर दोन वर्षांनी येतोस, पण परत आलाच नाहीस.

धाकट्या, तुझी ओळ मी पुसली. दुपारी बाई धावत आल्या, पाटीवर जागा नव्हती. मोरीत जेवलेलं ताट दिसलं. मला वाटलं, बाबा जेवून, वाचून गेले. ती ओळ फडक्याने पुसून मी बाईंचा पाइप लिहिला. ते ताट तुझं होतं. आपण निघाल्यावर बाबा दारात आले, पाइपचं वाचलं, तो जोडला, बाईंकडेच हातपाय धुऊन पिशवीतला इस्त्रीचा शर्ट घातला आणि थेट स्टँड गाठलं. पाच वाजता. सोबत हा डबा होता. घरी आले तेव्हा मी दारात उभी होते, आणि ते पाटीवरच्या माझ्या अक्षराकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. आईला म्हणाले, कामात अडकलो, चूक माझी. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी पाटी आणली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी लावली, फक्त घरच्यांसाठी. तू सुट्टीला आल्यावर म्हणालास, वा, आता आमचाही नंबर लागला! ते तेव्हाही हसले. मी खूप वर्षांनी त्यांना म्हटलं, मी धाकट्याला सांगते. तर म्हणाले, "तो माझ्यावर रागावला तर चालेल. मी जाईन एक दिवस. तुम्हाला दोघांना एकमेकांचं राहायचंय." मला ते सोयीचं वाटलं आणि मी गप्प राहिले. याची मला लाज वाटते. माझ्यावर रागाव, हवं तितकं रागाव, पण त्यांच्यावरचा राग आता काढून घे. उघड डबा. छोटा पाना, नळाच्या आट्यांना गुंडाळायच्या टेपची दोन रिळं, मूठभर वायसर, परक्या खोलीत तुझा नळ गळला तर म्हणून. तळाशी चिठ्ठी आहे, अक्षर तू ओळखशीलच: 'धाकटा, सहाची गाडी. पाचला पोचायचं.' आणि एक राहिलं. जाण्याच्या आठवडाभर आधी त्यांनी अंगणातला नळ परत खाली घेतला. आम्ही सगळे कमरेत वाकून हात धुतो, आई रोज कुरकुरते आणि कुणाला वर घेऊ देत नाही. घरच्या पाटीवर त्यांची शेवटची ओळ तशीच आहे: 'नातीसाठी: तुझा नळ तयार आहे, येऊन उघड.' सभेत बोलू नकोस हवं तर, पण तुझ्या लेकीला घेऊन ये. एकदा मी दुसऱ्याची ओळ पुसली आहे. ही तिलाच पुसायची आहे.

वाट बघणारी, तुझीच
ताई