येळवशीला इहीणबाईंच्या रानात

न्हाय, बोलावलं न्हवतं मला कुणी. येळवशीला बोलावणं लागतंय व्हय? तुमीच म्हणायचा अण्णा, त्या दिवशी ज्याच्या रानात कडब्याची कोप दिसंल तिथं जाऊन बसावं, वाढणारा वाढतोय. म्हणून गेले. लेकाला सांगितलं न्हाय. 'शेजारणीच्या रानातनं येते' म्हणलं न् निघाले. तुमी असता तर पहिलं हेच इचारलं असतं, म्हणून पहिलं हेच लिहिलं. तुमी जाऊन इतकी वर्सं झाली, तरी लेकीची बापाला जाब द्यायची खोड काय जाईना.

आता तुमाला ठावं न्हाय ते सांगते. माझ्या लेकाचं न् सुनेचं पटलं न्हाय. का, ते सोडा, दोघांचं बी थोडं थोडं चुकलं. सून लेकीला घेऊन उमरग्याकडं माहेरी जाऊन बसली. नात सात वर्सांची हाय. कोर्टानं ठरवून दिलं, लेकरू आईजवळ राहील, एक आड एक रविवारी बापाकडं येईल. दिवाळी आईची, येळवस बापाची. येळवस लेकानं मागून घेतली. कोर्टातल्या मॅडम लांबच्या मुलखातल्या. त्या म्हणल्या, 'हा कुठला सण?' मग वकिलानं उभं राहून सांगितलं, मार्गशीर्षातल्या अवसंला समदं गाव रानात जातंय, कडब्याची कोप घालतंय, पाच दगडांचे पांडव मांडून पुजतंय, आंबील पितंय. मॅडम हसल्या म्हणे, न् दिली लिहून. पण लिहून दिलेलं पाळतंय कोण? रविवार आला की फोन. आज पाहुणे हायत. आज परीक्षा हाय. आज पोरगी मामाबरोबर गेली. कधी कधी तर फोन बी न्हाय. लेक दाढी करून, बिस्किटं घेऊन जातोय न् बिस्किटं घेऊन परत येतोय. ती मीच खाते चहात बुडवून. टाकायची कशाला.

येळवशीच्या आदल्या सांजंला बी आलाच फोन, 'ताप हाय, झोपून हाय.' लेकानं फोन ठेवला. सकाळी रानात कोप घातली, पांडवांना चुना लावला, न् नातीसाठी बाभळीला झोका बांधला होता तो गुमान सोडून टाकला. मला ते बघवंना. पुतण्याला म्हणलं, काढ मोटारसायकल. मांडीवर आंबिलीचं मडकं घेऊन मागं बसले. तापात आंबील देत न्हाईत, एवढं कळतंय मला. पण रिकाम्या हातानं कसं जावं? तिथं जाऊन बघते तर घराला कुलूप. तापलेलं लेकरू कोंडून रानात गेले व्हय हे? पुतण्याला म्हणलं, चल त्यांच्या रानात.

ज्वारी डोक्याइतकी झालीय, माणूस दिसंना, पण हसणं ऐकू यायलंय. बांधावरनं वळते तर नात चिंचेच्या झोक्यावर, नवं परकर-पोलकं घालून, पाय आभाळाला लावायलीय. मला बघून सून कोपीत शिरली. इहीणबाई मातर उठून पुढं आल्या.

'या की इहीणबाई. वाट कशी काय चुकलाव?'

'चुकले न्हाय. ताप बघायला आले.'

'उतरला की सकाळीच. लेकरांचा ताप, येतोय न् जातोय.'

'व्हय. आमच्या रविवारी येतोय न् सोमवारी जातोय.'

त्या हसल्या. मी न्हाय हसले. 'बसा, वाढते' म्हणल्या. आता रानात आलेल्याला त्या दिवशी हाकलता येत न्हाय, न् वाढलेलं नको म्हणता येत न्हाय. दोघी बी अडकलो. बसले. पालेभाज्या न् डाळीदाण्यांची भज्जी चांगली झाली होती, खोटं कशाला बोलू. माझ्या भज्जीपरीस चांगली. बाजरीच्या पिठाचे उंडे बी मऊ. प्रत्येक घासाला राग यायलाय न् घास जायलाय. तेवढ्यात नात पळत आली, गळ्यात पडली, न् आंबिलीचा तांब्या घेऊन म्हणली, 'आजी, अजून घे की, आमच्याकडं लई हाय.' आमच्याकडं! माझं मडकं तिथंच बाजूला, फडकं सोडलेलं न्हाय कुणी. ही पोर माझ्या घरात जन्मली अण्णा. तिला तेल लावून शेकली म्या. न् मला पाहुणीवानी वाढायलीय.

ती इहीणबाईंसंगं कानडी बोलतीय. त्यांच्या घरात दोन्ही चालतंय. ती कायतरी म्हणती, त्या कायतरी म्हणत्यात, दोघी हसत्यात. मला कानडी येत न्हाय. आंबील सांडली म्हणत्यात का माझा पदर पेटला म्हणत्यात, माणसाला काय कळतंय? मी नुसती दोघींच्या तोंडाकडं बघायले. मग नातच माझ्याकडं वळली, 'पप्पा का आला न्हाय? मम्मी म्हणली त्याला काम हाय.' न् लगीच आपणच म्हणली, 'पण येळवशीला कुणाला काम असतंय का?'

इहीणबाईंचा हात भाकरीवरच थांबला. म्या म्हणलं, 'काम न्हाय बाळा त्याला. तुझी वाट बघत बसलाय.' तिनं माझ्याकडं बघितलं, मग इहीणबाईंकडं वळून कानडीत इचारलं. खरं का खोटं, हेच इचारलं असंल. त्यांनी हळूच कायतरी सांगितलं. काय सांगितलं ते देवाला ठावं. पोर त्यांच्याच मांडीवर डोकं टाकून झोपली. त्या तिच्या केसांतनं हात फिरवायल्या. डाव्या हातानं, उजवा खरकटा होता म्हणून. मी समोर बसून बघितलं. माझे दोन्ही हात धुतलेले होते.

तुमच्यावर बी राग हाय माझा. माय रुसून धाकट्याला घेऊन माहेरी गेली होती, तवा तुमी येळवशीला मला सायकलच्या दांडीवर बसवून तिच्या बापाच्या रानात नेलंत. भांडणाचं अक्षर कुणी काढलं न्हाय. आजानं तुमच्या पानात उंडे रचले, तुमी खाल्ले, ढेकर दिला, 'येतो' म्हणलाव न् सायकल धरून चालायला लागलाव. न् माय उठली, धाकट्याला काखंत मारलं न् मागनं चालायला लागली. वाटंत म्या काय इचारायला गेले तर वसकलाव, 'ज्याचं खाल्लं त्याचं बाहेर बोलत न्हाईत.' इतकं सोपं होतं तुमचं! ना वकील, ना तारीख. एक जेवण जेवलाव न् घरदार परत घेऊन आलाव. मला वाटलं माझं बी होईल तसं. म्या बी 'येते' म्हणलं. मागं कुणी आलं न्हाय. पुतण्यानं मोटारसायकल चालू केली न् मडकं भरलेलंच परत निघालं. घरापतूर हिंदकळून निम्मी आंबील माझ्या लुगड्यावर.

पुतण्याच्या पोटात ऱ्हायलं न्हाय. लेकाला समदं कळलं. तो वकिलाकडं जाऊन आला. वकील म्हणतोय, हुकूम मोडल्याचा अर्ज घालू, पण लेकरू त्या दिवशी धडधाकट होतं हे डोळ्यानं बघितलेलं माणूस पायजे. लेक माझ्यासमोर उकिडवा बसला न् म्हणला, 'माय, बोलशील का?' त्याचं तोंड तुमच्यावानी दिसतंय असं इचारताना.

बोलणार हाय. तुमचा कायदा तुमच्यापाशी ठेवा. त्यांचं खाल्लंय, तरी बोलणार हाय. बापाला काम हाय असं लेकराला खोटं सांगत्यात, ते बी सांगणार हाय. लोक म्हणतील, म्हातारी लेकाच्या हक्कासाठी कोर्टात उभी ऱ्हायली. म्हणू देत. वकील बी तसंच बोल म्हणलाय. पण हा कागद कुठं जाणार न्हाय न् तुमी काय परत येणार न्हाय, म्हणून सांगते. पोर इहिणीच्या मांडीवर झोपली, माझ्या न्हाय, त्यासाठी मी बोलणार हाय. ह्याच्यावर काय इचारू नका. सांगणार न्हाय.