फळीवरचा पंप

आत्या,

संध्याकाळच्या धारा काढायला अजून अवकाश आहे. तुमचा मुलगा डेअरीच्या मीटिंगला गेलाय, लेक बारामतीला कामावर आहे आणि घरात मी एकटीच आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ओट्यापाशी उभी राहिले की मागून तुमचा आवाज येईल असं अजून वाटतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. पेपर मीच वाचून दाखवायचे आणि कुणी गेल्याची बातमी आली की तुम्ही म्हणायचात, "फुडचं वाच." तेव्हा हे कागदावर लिहिण्यात तसा काही अर्थ नाही, मला कळतं ते. तरी लिहिते. सासूला आत्या म्हणायची आपल्याकडची रीतच आहे, पण मला सख्खी आत्या नव्हती. तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला तो तुमच्यासाठी.

निमगाव केतकीहून मी पणदऱ्याला या घरात आले तेव्हा माझ्या पेटीत, साड्यांच्या घडीत, दोन पंप लपवलेले होते. शाळेत असल्यापासून मला दमा. एक पंप निळा, धाप लागली तर लगेच आराम पडावा म्हणून. दुसरा तपकिरी, तो बरं असलं तरी रोज घ्यायचा, म्हणजे छातीतली सूज कमी राहते आणि धाप लागायची वेळच येत नाही. बघायला आलेल्या तुम्हा मंडळींना आईनं यातलं काही सांगितलं नव्हतं. मला मात्र निघताना बजावलं होतं, "तितं कुणाच्या नजरंला पडू देऊ नकोस. दमेकरी सून म्हणून जन्मभर ऐकावं लागंल." मी ते इतकं मनावर घेतलं की नळ सोडून पाण्याच्या आवाजात न्हाणीत पंप ओढायचे. आतली डबी खुळखुळते म्हणून तो हलवायचेसुद्धा नाही. एक घाईचा फवारा, झाकण बंद, कनवटीला खोचला की बाहेर. चूळ भरायची तर राहूनच जायची. घरात पाहुणे असले की तेवढंही होत नसे. आणि पहिले काही महिने काहीच झालं नाही, तसं मला वाटायला लागलं, आई म्हणाली तेच खरं, संसाराला लागलं की दमा विसरून जातो.

मग थंडी पडली, साखर कारखाना सुरू झाला, शिवारात उसाचं पाचट पेटायला लागलं. त्या दिवशी तुम्ही मला गोठ्यात कुट्टी करायला सांगितलंत. मी मशीनमध्ये कडबा सारतेय, भुसा उडतोय, नाकातोंडात जातोय. आधी नुसता खोकला आला. मग छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं. मशीन बंद करून मी आतल्या खोलीत गेले, पेटी उघडली. निळा पंप दाबला तर नुसती फुस्स हवा. संपलेला. तो कधी संपला हेही मला माहीत नव्हतं. मग तपकिरी काढला आणि दाबत सुटले, पुन्हा पुन्हा. त्यानं काही होत नव्हतं. त्याचं काम ते नव्हेच, पण तेव्हा ते सुचायला श्वास तर पाहिजे. मशीन बंद का पडलं म्हणून तुम्ही आत आलात. मी पेटीला धरून बसलेली, खांदे वर जाताहेत, साड्या विस्कटलेल्या, हातात पंप.

"काय हुतंय गं?" तुम्ही विचारलंत. मला एक शब्दही पुरा बोलता येईना.

तुम्ही पुढं काही विचारलं नाहीत. बाहेर दुधाचा टेम्पो उभा होता, कॅन चढवायचे बाकी होते. तुमचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला, "कॅन ऱ्हाऊ दे हितं. आदी बारामतीला चल." त्या दिवशीचं दूध नासलं, ते मला नंतर कळलं. टेम्पोत तुम्ही मला आडवी होऊ दिली नाहीत. सरळ बसवलंत, पाठीवर हात ठेवलात आणि ड्रायव्हरला प्रत्येक गतिरोधकाला शिवी दिलीत. तो हात अजून आठवतो. शेणाचा, दुधाचा वास असलेला, जड, अजिबात न थरथरणारा.

दवाखान्यात तोंडाला मास्क लावला, वाफेतून औषध दिलं, इंजेक्शन दिलं. हळूहळू छाती मोकळी झाली. डॉक्टर बाई होत्या, कडक. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं तोंड उघडायला लावलं आणि जिभेवरचे पांढरे चट्टे तुम्हाला दाखवले. "पंप घेतल्यावर चूळ भरत नाही ही. औषध तोंडात राहतं, त्यानं बुरशी येते." मग मला म्हणाल्या, "कसा घेतेस ते करून दाखव." मी न्हाणीतल्यासारखाच घेतला. फवारा निम्मा ओठांतून धुरासारखा बाहेर आला. बाई म्हणाल्या, "बघ, छातीत गेलाच नाही. तू रोज जिभेला औषध लावतेस." त्यांनी एक प्लास्टिकचा नळा दिला, स्पेसर. त्यात फवारा मारायचा आणि सावकाश ओढायचा, म्हणजे दाबणं नि ओढणं जुळवायची कसरत नाही. तुम्ही पलंगाच्या पायथ्याशी पदर सावरून उभ्या. मला वाटलं, आता माझ्या आईला फोन जाणार आणि माझी पेटी परत निमगावला.

बाई गेल्यावर तुम्ही स्टुलावर बसलात. तुमचं बोलणं मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "आमच्या म्हशीचं थान सुजलं तर ती बी लाथ मारून सांगती. तू मुकी हायस व्हय? दमा हाय त्याचं मला काय न्हाय. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांम्होरं पोरगी गुदमरून मेली असती आन मला ठावंच नसतं कशानं. ह्याचा राग आलाय मला." मी रडायला लागले तर म्हणालात, "रडू नको, पुन्यांदा धाप लागंल." आणि पदरानं माझं नाक पुसलंत, अगदी लहान पोराचं पुसावं तसं, जरा जोरातच.

घरी आल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात मिसरीच्या डबीशेजारची फळी रिकामी केलीत. तिथं दोन्ही पंप आणि तो नळा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. रोजच्या पंपाला तुम्ही लाल दोरा बांधलात, कारण बाईंनी सांगितलं होतं की रंगावर विसंबू नका, कंपनी बदलली की रंग बदलतो, आणि नाव तुम्हाला वाचता येत नव्हतं. मग सकाळी चुलीपुढं बसून तुमचा पाठ सुरू व्हायचा. "झाकण काडलं? आत काय कचरा न्हाय न्हवं? हलीव. आता समदा वारा भाईर सोड. दाब. वड, सावकाश वड, चा पितीस तशी भुरका नगं मारू." आणि मी श्वास धरून ठेवला की तुम्हीही गाल फुगवून धरायचात. किती वेळा मला हसू फुटलंय आणि तुम्ही रागावलाय! दुसरा फवारा लगेच नाही, जरा थांबून, पंप परत हलवून. मग तांब्या पुढं सरकायचा. "गुळण्या कर. थुकून ये, गिळू नगं." तो नळा धुतल्यावर मी फडक्यानं पुसायला गेले तर तुम्ही हातातून काढून घेतलात. पुसल्यानं औषध आतल्या बाजूला चिकटतं, आपोआप वाळू द्यायचा, हे बाईंनी मला सांगितलं होतं, पण लक्षात तुमच्या राहिलं.

गोठ्यात संध्याकाळी डासांसाठी तुम्ही गोवऱ्यांचा धूर करायचात. तो तुम्ही त्या आठवड्यापासून बंद केलात आणि जनावरांना जाळी आणली. कुट्टीचं काम तुमच्या मुलाकडं गेलं. त्यानं कुरकुर केली तर म्हणालात, "तुला काय छाती न्हाय व्हय?" यातलं काही तुम्ही माझ्यासाठी करताय असं एकदाही बोलून दाखवलं नाहीत. शेजारच्या काकू एकदा फळीकडं बघून म्हणाल्या, "पंप लागला की सुटत न्हाय म्हंत्यात, वैनी." तुम्ही भाकरी थापत होतात. मान वर न करता म्हणालात, "मीठ सुटलंय व्हय तुझं?"

लेक पोटात असताना मला छान वाटत होतं. धाप नाही, खोकला नाही. माहेरी गेले तर आई म्हणाली, बाळासाठी तरी ते औषध बंद कर. मला पटलंही होतं. परत आल्यावर तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही मला तशीच बाईंकडं घेऊन गेलात. बाई म्हणाल्या, बरं वाटतंय ते रोज घेतेस म्हणूनच, आणि मनानं बंद केलंस आणि अ‍ॅटॅक आला तर बाळालाही श्वास पुरायचा नाही. कमी-जास्त करायचं ते मी ठरवीन, असंही त्यांनी बजावलं. एसटीच्या थांब्यावर तुम्ही मला म्हणालात, "तुझ्या आईवर राग धरू नगं. भ्यालेली हाय ती." इतक्या वर्षांत आईबद्दल तुम्ही काढलेला हा एकच शब्द.

आता मूळ गोष्ट सांगते. तुमच्या नातीलाही दमा आहे. तुम्ही होतात तेव्हा ती शाळेत जायची आणि तिचा पंपही त्याच फळीवर असायचा. गेल्या महिन्यात तिला बघायला वरकुट्याची मंडळी आली होती. चांगली माणसं. तुमचा मुलगा मला आदल्या दिवशी म्हणाला, "लगेच काय सांगायची गरज न्हाय." मी गप्प बसले. चहा झाला, शिक्षण-नोकरी झाली. मुलाच्या आईनं विचारलं, "तुला काय विचारायचं असलं तर विचार, पोरी." लेक म्हणाली, "विचारायचं नाही, सांगायचंय. मला दमा आहे. सकाळ-संध्याकाळ पंप घेते, लग्नानंतरही घेणार. ट्रेकिंगला जाते, कामाला जाते, काही अडत नाही. पण लपवून घेणार नाही." तुमचा मुलगा जमिनीकडं बघत होता. मला भीती वाटली, आणि खरं सांगू का, त्याच वेळी छाती अशी भरून आली की वाटलं, तुम्ही हे ऐकायला हवं होतं.

सोयरीक जुळली नाही. मुलाला पुण्यातच राहायचंय आणि हिला बारामतीची नोकरी सोडायची नाही, एवढंच कारण. दमा नव्हे. ते मला पटलं काल, त्या मुलाच्या आईचा फोन आला तेव्हा. आधी इकडचं तिकडचं बोलल्या. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "माझ्या धाकटीला बी हाय वो. आमी कुनाला सांगितलं न्हाय. निळा वडती दिवसातनं चार-चारदा. रोजचा दिला हुता डाक्टरनं, पन त्यानं लगी आराम पडत न्हाय म्हनून सोडला. तुमच्या पोरीला इचारायचं हुतं, कसा घ्यायचा." मी सांगितलं, निळा इतक्यांदा लागतो म्हणजे दमा आटोक्यात नाही, मुलीला आधी डॉक्टरांकडं न्या, पंप सोबत न्या आणि त्यांच्यासमोर घेऊन दाखवायला लावा. लेकीनं मग त्या मुलीशी व्हिडिओ कॉल केला. मी भाकरी करत होते, मागून ऐकत होते. "हलव. आता सगळा श्वास बाहेर सोड. सावकाश." शेवटी म्हणाली, "आणि चूळ भर, विसरू नकोस." हे सगळं तिनं कुठून उचललं ते काही मला विचारायला नको.

हा कागद मी कुठं पाठवणार नाही, तुम्हाला कोण वाचून दाखवणार? पण एक राहिलंय. चार-पाच दिवस मी रोजचा पंप घेतलेला नाही. बरं वाटत होतं, कामाची गडबड होती, राहून गेलं. काल तो फोन झाल्यावर लेकीनं विचारलं, "आई, तू घेतलास ना?" मी हो म्हणाले. ती कामावरून आली की तिला खरं सांगायचंय. तुम्हाला आधी सांगितलं, म्हणजे तिला सांगणं जरा सोपं जाईल.