आईनं गोल केला

प्रिय अन्विता,

तुला पत्र लिहायचं म्हणून सकाळी बसले ती पहिल्याच ओळीवर अडले. लग्न होऊन कोल्हापूरहून म्हैसूरला आलीस तेव्हा तू हसून म्हणाली होतीस, "अत्ते, तुमचं मराठी निम्मं कन्नडच आहे." खरंच आहे ते, सासूला इथं अत्तेच म्हणतात. आमच्या कितीतरी पिढ्या इथं शिवणकाम करून जगल्या. देवापुढं मराठी, गिऱ्हाइकापुढं कन्नड. तेव्हा कुठं चुकलं तर परवागिल्ल, चालतंय म्हण आणि पुढं वाच.

घरी सगळं बरं आहे. पूजिताच्या हाताचं प्लास्टर काढलं. हात थोडा बारीक दिसतो, पण डॉक्टर म्हणाले, खेळू दे, आपोआप भरेल. शरत रोज हूटगळ्ळीच्या कारखान्यातून आला की तिच्या हातात रबरी चेंडू देऊन दाबायला लावतो. सकाळी कामावर जाण्याआधी तिची वेणीही तोच घालतो. पहिल्यांदा घातलेली वेणी शाळेत पोचेपर्यंत सुटली होती. आता इतकी घट्ट घालतो की पोरीचे डोळे ताणले जातात.

ती कठड्यावरून पडली तेव्हा तू फुटबॉलचा सीझन अर्ध्यावर ठेवून कोलकात्याहून धावत आलीस. तुझा एक सामना चुकला आणि तो तुमची टीम हरली. तुझ्याशी कुणी त्याबद्दल बोललं नाही, पण तू मोबाइलवर निकाल बघून स्वयंपाकघरात उभी राहिलीस ते मी पाहिलं. परत जाताना फाटकापाशी तू मागं वळून बघितलं नाहीस. वळली असतीस तर तुला जाता आलं नसतं, हे मला कळलं. पूजिताला मात्र वाटलं, आई रागावली. तिला समजावायला मला संध्याकाळ लागली.

तुझा एकही सामना आम्ही सोडला नाही. शिलाई मशीनला मोबाइल टेकवून ठेवायचा, पूजिता माझ्या मांडीवर. मला आधी एवढंच ठाऊक होतं की चेंडू जाळ्यात गेला पाहिजे. तू तर मागं उभी राहणारी, चेंडू जाळ्यात जाऊ न देणारी. सामना सांगणारा माणूस तुझं नाव फारसं घ्यायचाच नाही. मी चिडायचे. मग शरतनं सांगितलं, "आई, तिचं नाव येत नाही म्हणजे सगळं नीट चाललंय." तेव्हापासून तुझं नाव आलं नाही की मला बरं वाटायला लागलं.

भजनाला येणारी अलका एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "सोयरा, तुझी सून पोरीला टाकून चेंडू खेळायला गेली म्हणे." मी म्हणाले, "तुझा उदय दुबईला गेला तेव्हा त्यानं पोरं टाकली असं कुणी म्हणालं होतं काय ग?" पण पुढच्या आठवड्यात टाळ ठेवता ठेवता तीच हळूच विचारायला लागली, "काय झालं, जिंकली का आपली?"

आता त्या शेवटच्या सामन्याबद्दल. तू त्याचं नाव काढत नाहीस, म्हणून मीच काढते. बरोबरी झाली असती तर तुमची टीम वरच्या लीगमध्ये टिकली असती, हे शरतनं आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. सामना संपत आला होता. कडेनं चेंडू आला, तुझ्या मागं त्यांची ती उंच मुलगी पळत होती. तू पाय घातलास आणि चेंडू तुझ्याच पायाला लागून आपल्या जाळ्यात गेला. मला खेळातलं कळत नाही, पण ती मुलगी किती जवळ होती ते दिसलं मला. तू पाय घातला नसतास तर तिनं घातला असता.

तू गवतावर बसलीस आणि जर्सी तोंडावर ओढून घेतलीस. शरतनं डोक्याला हात लावला. आणि पूजिता माझ्या मांडीवरून उडी मारून ओरडली, "आईनं गोल केला!"

शरत तिला थांबवायला उठला. मी त्याचा सदरा धरून ठेवला. पोरगी तशीच अनवाणी रस्त्यावर पळाली. इस्त्रीवाल्याला सांगितलं, फुलवालीला सांगितलं, मग अलकाच्या दारात जाऊन सांगितलं. अलकानं सामना बघितला होता अन्विता, तिला सगळं ठाऊक होतं. तिनं आत जाऊन डबा आणला आणि पोरीच्या हातावर साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेत कुणीतरी तिला खरं सांगितलं. घरी आली ती दप्तर फेकून माझ्यासमोर उभी. मी लपवलं नाही. तिनं विचारलं, "मग आई रडली?" मी म्हणाले, "हो." "तिच्याजवळ कोण होतं?" मी म्हणाले, "ती गोलकीपरताई होती ना, तिनं मिठी मारली." त्यावर तिनं जरा विचार केला आणि "बरं" म्हणून हात धुवायला गेली. मी मशीनवर बसले, पण त्या दिवशी मला शिवायचं काही सुचलं नाही.

तेव्हापासून तू फोनवर फक्त "ऊट झालं का, जेवलात ना, औषध घेतलं का" एवढंच विचारतेस. शरतला म्हणालीस की आता कायमची येते, जयलक्ष्मीपुरममधल्या शाळेत खेळाच्या बाईंची जागा आहे, ती घेते. ओळखीच्या सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. परवा तू मला विचारलंस, "अत्ते, मी घरी आले तर तुम्हाला बरं वाटेल ना?" मी "हो" म्हणाले. ते खोटं नव्हतं. तू नसलीस की या घरात मोठ्यानं हसणारं कुणी नसतं.

पण काल तुमच्या कोचबाईंचा शरतला फोन आला. तू आम्हाला सांगितलं नाहीस ते त्यांनी सांगितलं. क्लबला टीम पुन्हा वर न्यायची आहे आणि त्यासाठी पुढच्या सीझनला तू कॅप्टन हवी आहेस. तू घरचं कारण सांगून नको म्हणालीस. अन्विता, ते घरचं कारण म्हणजे आम्हीच ना? फोनवर तू "मी ठरवलंय" म्हणून मला पुढं बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. मला तू जवळ हवीस, पण म्हणून खेळ सोडून तूच यायचं असं कुठं आहे? पुढच्या सीझनला पूजिता आणि मी तिकडं तुझ्याजवळ राहायला येतो. शरत म्हणाला, "मी माझं शिजवून खाईन, रजा मिळेल तसा येत जाईन." पूजिताच्या शाळेत मी बोलून आले, तिथं एखादी शाळा तू बघून ठेव. मी आयुष्यात म्हैसूर सोडून कुठं राहिलेली नाही. बंगाली येत नाही, मोहरीच्या तेलाचा वास सोसवत नाही. बघू कसं होतं ते. आधी तू घरी ये, पोटभर झोप, पोरीला कुशीत घे. फक्त तिथून निघण्याआधी कोचबाईंना भेट, हो म्हण, आणि मगच गाडीत बस.

वाट बघते आहे,
तुझीच
अत्ते