आमच्या सफरचंदांची परीक्षा आणि परका केक

प्रिय तोवेमावशीस,

इंगेलिसेचा मनापासून नमस्कार. गुडघा कसा आहे? पाच मजले चढताना तू अजून त्याला शिव्या देतेस, की आता तोच तुला देतो? इकडे आम्ही सगळे धडधाकट. (हाराल्डला खोकला आहे, पण तो लग्नाआधीपासूनचा, म्हणून मी तो आजारात धरत नाही.)

मी फुशारकी मारत नाही. आपल्या दक्षिण जटलंडात कुणी मारली तर लोक त्याला बघून रस्ता बदलतात, हे तुला ठाऊकच आहे. पण तू आता कोपनहेगनची, तुझ्यापाशी बोलायला हरकत नाही: मावशी, आम्ही जिंकलो! सगळ्या बागायतदारांनी मिळून शीतगृह बांधायचं आणि आपली ग्रोस्टेन जातीची सफरचंदं थेट राजधानीच्या दुकानांत धाडायची, हा बाजारपेठ विकासाचा प्रकल्प मी घरोघरी फिरून गळी उतरवत होते, तेव्हा तू फोनवर किती हसली होतीस! असली डागाळलेली फळं विकत घ्यायला कोपनहेगनकर वेडे नाहीत, म्हणालीस. तर सरकारी मदत पुढे चालू ठेवायची का, हे ठरवायला गेल्या आठवड्यात तिकडून मूल्यमापन करणारे साहेब आले. मदत थांबली असती तर शीतगृहाला कुलूप लागलं असतं, आणि मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

साहेबांचं नाव योआकिम. माणूस सज्जन, बूट मात्र शहरी. (पहिल्याच बागेत एक बूट चिखलाने ठेवून घेतला.) प्रत्येकाला एकच प्रश्न: प्रकल्पाला पाचपैकी किती गुण द्याल? आणि आपली माणसं कशी, ते तुला सांगायला नको. आस्मुसने यंदा नवा ट्रॅक्टर घेतला, पण गुण दिले तीन. पाच द्यायला तो काय देव आहे? आणि चार दिले तर शेजारी काय म्हणतील? निसला विचारलं फायदा झाला का, तर म्हणे, उपाशी नाही झोपलो. आणि हाराल्ड, माझा सख्खा नवरा, बायकोची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून त्याने दिले अडीच! मी टेबलाखालून लाथ मारली, ती साहेबांना लागली. त्यांचा चेहरा पडत चालला होता. मोठ्या हळुवारपणे ते मला म्हणाले, प्रयत्न प्रामाणिक होता. मावशी, मला रडू यायचंच बाकी होतं.

शेवटचा उपाय म्हणून मी गावच्या सभागृहात कॉफीचं टेबल मांडलं. आपलं रीतसर, सात प्रकारचे मऊ केक, सात प्रकारची कडक बिस्किटं, आणि सगळे चाखल्याशिवाय पाहुण्याला उठू द्यायचं नाही. मधोमध सफरचंदाचा केक हवाच. शीतगृहात गेले, तर एक फळ नाही. आस्मुसकडे नाही, निसकडे नाही, घरी खायला ठेवलेलीसुद्धा विकून झालेली. शेवटी सरहद्द ओलांडून जर्मनीत फ्लेन्सबोर्गला गेले (स्वस्त बिअर आणायला जातो तिथेच) आणि इटलीची चकचकीत सफरचंदं पिशवीत लपवून आणली. फक्त हाराल्डला सांगितलं. तिथेच फसले.

साहेबांनी केकचा घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात ग्रोस्टेनची चव!" सगळ्यांची नजर आपापल्या बशीत. आपला माणूस स्वतःची स्तुती करणार नाही, पण दुसऱ्याची स्तुतीही स्वतःच्या खिशात घालणार नाही. हाराल्डने कप खाली ठेवला. "आमची नाहीत ती. इटलीची आहेत. हिने फ्लेन्सबोर्गहून आणली." धरणीने मला पोटात घ्यावं असं झालं. साहेबांनी विचारलं, तुमची कुठे आहेत? तर एकेकजण चोरी पकडल्यासारखा मान खाली घालून कबुली देऊ लागला. संपली. ऑक्टोबरातच संपली. आस्मुसने तर माफी मागितली, दुकानं आणखी मागत होती पण आम्ही पुरे पडलो नाही, फार कमीपणा वाटतो. (पूर्वी याच दिवसांत निम्मा माल रसाच्या कारखान्याला मातीमोल जायचा.)

साहेब हसता हसता ठसकले. "अहो, मग मला तीन गुण का सांगितलेत?"

"पुढच्या वर्षी गारा पडल्या तर?" आस्मुस म्हणाला.

मदत चालू राहणार, मावशी! वर दुसऱ्या शीतगृहाचीही शिफारस! घरी जाताना हाराल्ड गाडीत म्हणाला, "वाईट नाही झालं." माझ्याशी लग्न ठरलं तेव्हासुद्धा तो इतकं बोलला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी त्याला अडीचही माफ केले.

तुझी लाडकी (हे तूच म्हणायचीस),
इंगेलिसे

ता. क. गुरुवारी सह्या करायला साहेबांचे वरिष्ठ येताहेत, आणि त्यांना केक खऱ्या ग्रोस्टेनचाच हवा आहे. सगळ्या गावात एक फळ नाही. तुझ्या इमारतीखालच्या दुकानात आमचीच असतात. गुडघ्याला सांभाळून खाली उतर आणि आमची दोन किलो सफरचंदं मागतील त्या भावाने विकत घेऊन उद्याच्या उद्या पाठव. डागाळलेली चालतील.

पुन्हा ता. क. तिथेही संपली असतील तर वाईट वाटून घेऊ नकोस. रिकाम्या फळीचा फोटो पाठव, मी तोच टेबलाच्या मधोमध ठेवते. आणि मग मला फोन करून एकदा हस बघू.