मास्तरच्या घरची अर्थिंग

अमरावती,
९ एप्रिल

प्रिय गोवर्धन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडायला घेतलं असशील तर थांब जरा. सहा वर्षांनी लिहून राहिलो, वाचायला तुझं काय जातं? शिव्या द्यायच्या तर वाचून झाल्यावर दे, कारणं भरपूर सापडतील. आम्ही मजेत आहोत. अनुपमाचा गुडघा बदलला, आता ती माझ्यापेक्षा तुरुतुरु चालते. अबोली हैदराबादेत नोकरीला आहे आणि तिथून रोज फोनवर आई-बापाला शहाणं करत असते. माझं म्हणशील तर गेले आठ दिवस एकटाच हसतोय. शेजारचे विचारून गेले, सर, लॉटरी लागली काय? लॉटरी कसली, बत्तीस वर्षांच्या मास्तरकीची अब्रू गेली. आणि तरी सांगतो, लेका, कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

झालं असं, की अबोलीनं एक स्मार्ट स्विच पाठवला. मोबाइलवर बोट ठेवलं की न्हाणीतला दिवा लागतो, आईला भिंत चाचपडत जायला नको म्हणून. सोबत सक्त ताकीद, बाबा, बसवण्याआधी घरात अर्थिंग आहे का ते तपासा. मला आधी हसू आलं, मग राग आला. अगं, तुझ्या बापानं पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांना फळ्यावर आकृती काढून अर्थिंग शिकवली! पण पोरीचं समाधान म्हणून बसलो. होल्डरला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प केला, प्रयोगशाळेत करायचो तसा. सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत वायरी घातल्या, बल्ब लख्ख. मग फेजची वायर तशीच ठेवून दुसरी वरच्या मोठ्या भोकात घातली, अर्थिंगच्या. तिथंही बल्ब तसाच पेटायला हवा. पण ढिम्म! बल्ब बदलला, सॉकेट बदललं, शेवटी चष्मा बदलला. स्वयंपाकघर, देवघर, बैठक, सगळीकडे तेच. अनुपमा खुर्चीतून पाहत होती. तिनं माझा आधीचा चष्मा पुसून पुढे केला.

मग करिश्माला बोलावलं. माझीच विद्यार्थिनी, आयटीआय करून आता घरोघरची वायरिंग करते. तिनं मेन बंद केला, बोर्ड उघडला. हिरवी वायर जागच्या जागी, मीटरपर्यंत शाबूत. तिथून तांब्याची तार भिंतीवरून उतरून मोरीमागे नळाच्या पाइपाला गेलेली. जुन्या घरांत नळाच्या लोखंडी पाइपालाच अर्थिंग बांधायचे, हे तुला काय सांगायचं. करिश्मा मोरीमागे वाकली ती बराच वेळ उठेचना. मला वाटलं, पोरीची कंबर धरली. जाऊन पाहतो तर तोंडावर ओढणी दाबून हसून राहिली! म्हणाली, "रागावू नका सर, पन हे तार तं प्लास्टिकच्या पाइपाले बांधून हाये."

हो, प्लास्टिकच्या! निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी घरातले गंजलेले पाइप काढून नवे टाकून घेतले होते. प्लंबरच्या डोक्यावर खुर्ची टाकून मी स्वतः बसलो होतो. सुटलेली तार हातात धरून तो काहीतरी विचारायला लागला, तर मी म्हणालो, जसं होतं तसंच्या तसं लाव, एक खिळा इकडचा तिकडे नको. त्यानं इमानदारीनं लावलं. क्लॅम्प घट्ट आवळला, वरून मी रंगही मारून घेतला. विज्ञानाच्या मास्तरच्या घरची अर्थिंग प्लास्टिकला! सरांना शिकवायची हिंमत त्या बिचाऱ्यानं कुठून आणायची?

आणि तिथंच, मोरीमागे उभ्याउभ्या, मला माझ्या निवृत्तीचा दिवस आठवला. अंगणात मांडव, शाळेचा सगळा स्टाफ, तिवशाचे आपले शाळासोबती. अकोल्याहून तू टेम्पोत कूलर घेऊन आलास. स्वतः पत्रा कापून, वाकवून केलेला, तीन बाजूंना वाळा, वर माझं नाव रंगवलेलं. आमचा आधीचा कूलर प्लास्टिकचा आणि फ्रीज लाकडी स्टँडवर, म्हणून तोवर घराचं बिंग फुटलं नव्हतं. अनुपमा अनवाणी, ओल्या हातांनी त्यात पाणी भरायला गेली आणि किंचाळून मागे पडली. मी घाबरलो रे. पण घाबरलेल्या माणसानं गप्प बसावं, मी तोंड सोडलं. माणसं मारायच्या मशिनी बनवतो काय, म्हणालो. तू एवढंच विचारलंस, "हेम्या, घरची अर्थिंग पाह्यली काय तू एकडाव?" त्यावर मी मांडवभर लोकांसमोर म्हणालो, दहावी नापास माणसानं मला अर्थिंग शिकवू नये. तू चहाही न घेता टेम्पोत जाऊन बसलास.

आता नीट सांगतो. पत्र्याच्या कूलरमध्ये पंप पाण्यात बुडालेला असतो, थोडाफार करंट पत्र्यात उतरतोच. कूलरला हात लावायचा तर पायात चप्पल घालून, हे आपल्याकडे लेकराले बी ठाऊक आहे. तो करंट मुकाट जमिनीत जावा म्हणून तर अर्थिंग असते. माझ्या घरात त्याला जायला वाटच नव्हती, म्हणून तो अनुपमाच्या अंगातून गेला. चूक तुझ्या हाताची नव्हती, माझ्या घराची होती. तू बरोबर होतास आणि मी चुकलो होतो, शंभर टक्के.

संक्रांतीला सीमावहिनींचा अनुपमाला फोन आला होता. आपण दोघं फुगून बसलो, पण बायकांनी बोलणं सोडलं नाही हे नशीब. त्यांच्याकडून कळलं, की टेम्पोवाल्यानं ती गोष्ट तुमच्या गल्लीत सांगितली, आणि लोक म्हणाले, सायन्सचे मास्तर खोटं कशाला बोलतील. त्या उन्हाळ्यापासून तू पत्र्याचा एकही कूलर केला नाहीस. दुकानात कंपनीचे तयार आणून विकतोस, आणि कोणी विचारलंच तर म्हणतोस, आता हातावर भरवसा नाही राहिला. हे ऐकूनही मी तुला फोन केला नाही, कारण तेव्हाही मला वाटत होतं की मीच खरा. त्याची लाज वाटते, गोवर्धन.

बरं, आता आनंदाचं ऐक. गेल्या रविवारी करिश्मानं अंगणात खड्डा खणून घेतला, नवा लोखंडी पाइप पुरला, भोवती मीठ-कोळसा भरला. आपली काळी माती उन्हात भेगाळते, रोज बादलीभर पाणी घालायचं, असं मला दरडावून गेली. मी हो मॅडम म्हणालो. टेस्ट लॅम्प असा पेटला की अनुपमानं टाळ्या वाजवल्या. स्विच बसला, आणि अबोलीनं हैदराबादेत बसून आमच्या न्हाणीतला दिवा दहा वेळा लावला आणि विझवला. मग गच्चीवरून तुझा कूलर उतरवला. सहा वर्षं ताडपत्रीखाली होता, एक जोड ढिला नाही! नवा वाळा लावला, करिश्मानं मीटर लावून खात्री केली, तशी अनुपमा पुढे झाली. मी चप्पल पुढे केली, ती तिनं पायानं बाजूला सारली. दोन्ही हात बादलीत बुडवले आणि थेट पत्र्यावर ठेवले. काही नाही! म्हणाली, कूलर करावा तर गोवर्धनभाऊजींनीच, आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसली. मी तिथंच रडलो, अगदी करिश्मादेखत.

आता फोन सोडून पत्र का, ते सांगतो. फोनवर माफी मागितली असती तर ती तुला एकट्याला ऐकू आली असती, आणि अपमान मी मांडवभर लोकांत केला होता. म्हणून कागद एकाच बाजूनं लिहिलाय, अक्षर फळ्यावरच्यासारखं मोठं काढलंय. हे पत्र दुकानाच्या काचेवर लाव. सगळ्या गल्लीला वाचू दे आणि तू पत्रा कापायला घे. तू लाजेपोटी लावणार नाहीस, मी ओळखून आहे तुला. म्हणून येत्या रविवारी सकाळच्या बसनं आम्ही दोघं अकोल्याला येतोय. काच रिकामी दिसली तर डिंकाची बाटली माझ्या पिशवीत आहे. मी स्वतः चिकटवीन, आणि दुकानासमोर उभा राहून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवीन.

तुझाच,
हेम्या

(काचेसमोर उभं राहून वाचणाऱ्यांसाठी: हेमचंद्र मुळावकर, एम.एस्सी., बी.एड., निवृत्त विज्ञान शिक्षक, अमरावती.)